पगार वाढवायचाय आणि घास पण गोड लागायला पाहिजे, तर काय करायचं

सोलापुरात माझ्याकडे करिअरचं बोलायला जी पोरं-पोरी येतात त्यातली बरीचशी एकच प्रश्न घेऊन येतात, सर पुण्याला जाऊ का नको. मी त्याचं उत्तर आधी देतच नाही, कारण पंधरा-वीस मिनिटं बोललं की कळतं मूळ अडचण गावाची नाहीच. आपण कशासाठी राबायला तयार आहोत आणि कुठलं काम कितीही पैसे दिले तरी करणार नाही हे कधी बसून ठरवलेलंच नसतं, मग पुण्याची हुतात्मा एक्सप्रेस पकडून गेलं तरी तीच घालमेल तिकडं पण सोबत येते. म्हणून आपली मूल्यं कशी ठरवायची आणि ती सांभाळून पुढं कसं जायचं हे आज नीट, क्रमाने लिहितोय. एका रविवारी सुरू करा, पूर्ण व्हायला दोन-तीन महिने लागतील, घाई नको.

आधी माझं सांगतो म्हणजे हे कुठून आलं ते कळेल. मी एमआयडीसीत एका टॉवेलच्या युनिटला डिस्पॅच बघायचो. टॉवेलचा भाव जीएसएमवर ठरतो, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन किती ग्रॅम. एकदा वरून सांगितलं ४०० च्या मालावर ४५० चं लेबल लावा, गिऱ्हाईक कुठं वजन करायलंय. मी लावलं. दोन महिने लावत होतो आणि रोज घरी जेवायला बसलं की घास फिरायचा तोंडात. गाडीचा हप्ता होता, बँकेत शिल्लक काही नव्हती, म्हणून गप्प बसलो. शेवटी नाही म्हणालो तेव्हा डिस्पॅचवरून काढून गोडाऊनला टाकलं आणि काही महिन्यांनी मी तीन हजार कमी पगारावर दुसरीकडं लागलो. त्या दोन महिन्यांची मला आजही लाज वाटते. पण त्यातूनच एक कळलं, मूल्य मनात असून भागत नाही, त्याच्या मागं तयारी लागते.

पहिलं काम, वही. मोबाईलवर नको, साधी शंभर पानी वही. त्यात तुमच्या आयुष्यातले पाच प्रसंग लिहा जिथं तुम्ही काहीतरी सोडलं, पैसा म्हणा, झोप म्हणा, कुणाची मर्जी म्हणा, आणि तरी आज त्याचं वाईट वाटत नाही. मग तीन प्रसंग असे लिहा जे आठवले की अजून पोटात कालवतं. इंटरनेटवर मूल्यांच्या याद्या मिळतात, प्रामाणिकपणा, मेहनत, कुटुंब वगैरे, त्यावर टिकमार्क करून काही हाती लागत नाही, सगळ्यांची यादी सारखीच येते. ज्याची किंमत तुम्ही एकदा तरी मोजलीय तेच तुमचं मूल्य असं मी धरतो.

एक मुलगी आली होती, आई विड्या वळायची. तिनं पण पहिल्यांदा तेच तीन शब्द लिहिले होते. मी म्हणलं ह्यातल्या कशासाठी काय सोडलंस ते सांग. बराच वेळ गप्प बसली आणि मग बोलायला लागली की दहावीच्या वर्षी अभ्यास सोडून ती गल्लीतल्या बायकांचा हिशोब लिहायची, कुणी किती हजार विड्या दिल्या, त्यातल्या किती छाटल्या, हातात किती आले, कारण बायकांना वाचता यायचं नाही आणि आकडा कमी पडला तरी विचारायचं धाडस नव्हतं. परीक्षेत टक्के कमी पडले तिचे. वाईट वाटतं का विचारलं तर म्हणाली, "नाही सर, त्या बायका अजून मला हाक मारतात." बघा, हे कुठल्या यादीत सापडलं असतं? आज ती एका अकाऊंटंटकडं काम करते आणि संध्याकाळी लोकांचे पीएफचे फॉर्म भरून देते, तिच्या चेहऱ्यावर जे समाधान आहे ते मी मोठ्या पॅकेजवाल्यांकडं क्वचित बघतो.

दुसरं, एका शब्दाचं वाक्य करा. "प्रामाणिकपणा" हा शब्द इतका मोठा आहे की त्यात काहीही बसतं. माझं वाक्य आता असंय, गिऱ्हाईकाला दिसत नाही ते लपवून मी माल देणार नाही. त्या मुलीचं असं होतं, ज्याला हिशोब कळत नाही त्याला माझ्यासमोर कुणी फसवू नये. अशी तीनच वाक्यं करा, चौथं नको. दहा मूल्यं असणाऱ्याला ऐन वेळी एक पण आठवत नाही हे मी खूपदा बघितलंय.

मग आठवडा तपासा. आठवड्याचे तास १६८. झोप ५० धरा, काम ४८ धरा, जाणं-येणं, जेवण, आंघोळ, घरची कामं काढली तरी तीस-चाळीस तास कुठं तरी जातातच. सात दिवस खरं खरं लिहून काढा. सोबत महिन्याचा खर्च पण. आपल्याकडं ह्यासाठी दोन फार जुने शब्द आहेत, कायक आणि दासोह. बसवेश्वर मंगळवेढ्यात राहिले, सिद्धरामेश्वरांनी लोकांना घेऊन तळं खोदलं, आपण रोज त्या तळ्याच्या कडेनं जातो. कायक म्हणजे सचोटीनं केलेले कष्ट, दासोह म्हणजे त्या कमाईतलं समाजाला देणं. शरणांनी, म्हणजे बसवेश्वरांच्या वाटेनं चालणाऱ्यांनी, हे दोन्ही एकत्र ठेवलं, कमाई वेगळी आणि धर्म वेगळा असं केलं नाही. तुमच्या आठवड्यात दोन्हीला किती जागा आहे ते त्या वहीत दिसेल. मनाला लावून घेऊ नका, फक्त बघा.

आता पैशाचं, इथं मी जास्त वेळ घेणार. मी गप्प बसलो ते भित्रा होतो म्हणून नाही, शिल्लक नव्हती म्हणून. तेव्हा घरखर्च आणि हप्ते धरून महिन्याला जे लागतं त्याच्या सहापट रक्कम वेगळ्या खात्यात साठवायची, माझ्याकडं ह्याला "नाही म्हणायचा फंड" म्हणतात. समजा महिन्याला १५ हजार लागतात तर ९० हजार. आकडा बघून घाबरायला होतं, पण महिन्याला तीन हजार टाकले तर अडीच वर्षात होतात, आणि खरं सांगतो, पहिले ३० हजार जमले तरी साहेबांसमोर उभं राहण्यात फरक पडतो. आरडी करा, एटीएम कार्ड त्या खात्याला घेऊ नका. लग्नकार्याला, नव्या मोबाईलला हात लावायचा नाही. नवीन ईएमआय घेण्याआधी एवढंच विचारा, ह्या हप्त्यामुळं मला उद्या कुणासमोर गप्प बसावं लागेल का.

ग्रोथ. मूल्य सांभाळायचं म्हणजे आहे तिथंच बसून राहायचं असं अजिबात नाही. उलट ज्याच्या हातात कला आहे त्यालाच नाही म्हणता येतं. एक स्किल निवडा, एकच, आणि नव्वद दिवस रोज एक तास. डिस्पॅचला असाल तर एक्सेल आणि जीएसटीचं बिलिंग, मागावर असाल तर डिझाईनचं सॉफ्टवेअर, दुकानात असाल तर ऑनलाईन ऑर्डरचं काम. सरकारच्या स्वयम पोर्टलवर कोर्स फुकट बघता येतात, सर्टिफिकेट पाहिजे असेल तर परीक्षेची फी भरायची. ग्रॅज्युएशन अर्धवट राहिलं असेल तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातनं नोकरी करत पूर्ण करता येतं, अभ्यासकेंद्रं आपल्या शहरात पण आहेत. आणि शिकलेलं दर शुक्रवारी कामाच्या ठिकाणी कुठं तरी वापरून दाखवा, नाहीतर सर्टिफिकेट फाईलमध्ये पडून राहतं.

ऑफर आली की. हातात किती येतात ते बघा, सीटीसी म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करते तो सगळा खर्च, तो बघू नका. त्यात कंपनीचा पीएफचा वाटा, ग्रॅच्युइटी सगळं धरलेलं असतं आणि तुमच्या बेसिकमधनं १२ टक्के पीएफ कापला जातो. उदाहरणासाठी समजा इथं हातात २२ हजार आणि पुण्यात ३५ हजार. पुण्यात कॉटबेसिस, मेस, बस आणि महिन्यातनं एकदा घरी यायचं भाडं असे १६ गेले तर राहिले १९. इथं घरात ५ दिले, पेट्रोल २, राहिले १५. फरक चार हजाराचा. चार हजारासाठी जाऊ नका असं मी म्हणत नाही, तिथं दोन वर्षांत शिकायला काय मिळेल ते जास्त महत्त्वाचं, आणि काही जणांना मी स्वतः जा म्हणून सांगितलंय. फक्त हे कागदावर मांडून मग तीन वाक्यांची वही शेजारी ठेवायची. ह्या कामात माझं एखादं वाक्य रोज मोडावं लागणार असेल तर पैशाचा विचार बाजूला ठेवून सरळ नाही म्हणायचं. वर्षातनं एखाद्या वेळी मोडायची वेळ येईल असं वाटत असेल तर मुलाखतीतच सरळ विचारून घ्या.

भाषणात सगळे आपल्या सोलापूरच्या डॉक्टर कोटणीसांचं नाव घेतात, युद्धात जखमींवर उपचार करायला गेलेले. १९३८ ला चीनला गेले, बाकीचे परतले तरी हे तिथंच राहिले आणि १९४२ ला बत्तिसाव्या वर्षी गेले. भैय्या चौकातल्या त्यांच्या स्मारकात गेलं की मला भरून येतं. पण तिथनं बाहेर पडणाऱ्या पोराला मी सांगतो, तुझ्यासमोर येणारी वेळ एवढी मोठी नसेल, ती मंगळवारी सकाळी एखाद्या लेबलाची, एखाद्या खोट्या एन्ट्रीची असेल आणि तुला दोन मिनिटात ठरवायचं असेल. म्हणून वही.

बोलायचं कसं. साहेबांना चार लोकांसमोर नको, एकट्यात. आरोप नको, आपली मर्यादा सांगा. "साहेब, बाकी कुठलंही काम द्या, जादा थांबतो, पण हे लेबल माझ्या हातानं नको." आणि लगेच दुसरा मार्ग पण सुचवा, जसं की ४०० चा माल ४०० म्हणूनच थोड्या कमी भावात काढू, गिऱ्हाईक टिकेल. ऐकतील याची खात्री नाही, काही ऐकतात. घरच्यांशी मात्र राजीनाम्याच्या आधी बोला. वडील म्हणतील, "काय बे, चांगली नोकरी सोडायलास, डोकं फिरलंय का?" तर चिडू नका, त्यांनी गिरण्या बंद पडताना बघितल्यात, ती भीती खरी आहे. फंडाचं पासबुक आणि वही दोन्ही समोर ठेवा, आईला आधी दाखवलं तर अजून बरं.

वर्षातनं एकदा वही पहिल्या पानापासून वाचायची. आमच्याकडं बरेच जण हे गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, दिवसात करतात, संक्रांतीला बाहेरगावची पोरं पण घरी आलेली असतात, होम मैदानावर फिरून आलं की गच्चीवर बसून दोघा-तिघांनी एकमेकांची तीन वाक्यं वाचायची आणि ह्या वर्षी कुठलं मोडलं ते सांगायचं. वाक्य बदलावंसं वाटलं तर बदला, तारीख टाकून. आणि वही कपाटात वर ठेवू नका, डब्याच्या पिशवीत ठेवा.