ब्रेकचं काम कधी काढायचं, किती पैसे धरायचे

साताऱ्यातल्या माझ्या गॅरेजात पावसाळ्यात हमखास येणारी तक्रार: सकाळी पहिल्या एक-दोन ब्रेकला खरखर. रात्रभर भिजलेल्या डिस्कवरचा, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी चकतीवरचा तो गंज, आपोआप जातो. त्यावर पैसे घालवू नका.

चीं-चीं रोजच येत असेल तर चाक काढून पॅड बघा, म्हणजे ब्रेक दाबला की डिस्कला घासणारी पट्टी. नवं पॅड १० मिलिमीटरच्या आसपास असतं, ३ उरलं की बदलायचं. वॅगन-आर, स्विफ्टला पुढचे पॅड मजुरीसकट साधारण २,००० ते ३,००० रुपयांत बसतात. घर्र-घर्र सुरू झालं म्हणजे लोखंडावर लोखंड. मग डिस्कही जाते आणि बिल दुपटीच्या वर. मागच्या चाकांना डिस्कऐवजी ड्रम, म्हणजे गोल डबा असतो; त्याला आतून घासणारे लायनर पुष्कळ टिकतात. ड्रम उघडून साफ केले तरी बऱ्याचदा भागतं.

ब्रेक ऑइलकडे मात्र कोणी बघतच नाही. ते हवेतली ओल शोषतं. आंबेनळी घाट उतरताना तापलं की आत वाफ धरते आणि पेडल थेट खाली! दर २ वर्षांनी बदला, हजाराच्या आत काम होतं. घाटात गाडी दुसऱ्या गिअरात उतरवा.

आणि जुने पॅड मागून घ्या. मी न मागताच हातात देतो.