हाड छापायच्या आधी हाड बघायला शिका

मी जळगावचा, मेकॅनिकल डिप्लोमावाला. सर्जरी शिकणाऱ्या डॉक्टरांच्या सरावासाठी हाडांची मॉडेल छापायचं काम आलं तेव्हा वाटलं, थ्रीडी प्रिंटर तर आपल्याला येतो! पहिल्याच कवटीत डोळ्याच्या खोबणीचा तळ चाळणीसारखा निघाला. त्या डॉक्टरांना शिकवणाऱ्या सरांनी ती खिडकीच्या उजेडाला धरली आणि विचारलं, "ही भोकं पेशंटला आहेत की तुझ्या सॉफ्टवेअरला?"

माझीच होती. तिथलं हाड कागदासारखं पातळ असतं. सीटी स्कॅनमध्ये ते शेजारच्या मऊ भागात मिसळून फिकं दिसतं आणि सॉफ्टवेअर त्याला हाड मानतच नाही. तेव्हापासून स्कॅनचे काप 1 मिमीचे किंवा त्याहून पातळ आहेत ना, हे आधी विचारतो. फाइलमधून पेशंटचं नाव काढलंय का, हेही. मग 'थ्रीडी स्लायसर'मध्ये एकेका कापात सुटलेलं हाड हाताने भरत बसायचं. हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, वेळ मात्र सगळा तेच खातं. छपाई काय, लाइट गेली नाही तर रात्रभर आपोआप चालते.

आणखी एक: एसटीएल फाइलमध्ये, म्हणजे मॉडेलचा आकार साठवलेल्या फाइलमध्ये, एकक नसतं. मिमीचे इंच झाले की जबडा 25.4 पट. म्हणून एक माप स्कॅनवर घ्या, तेच छापलेल्या मॉडेलवर व्हर्नियरने ताडून बघा.

जबड्याच्या मॉडेलमध्ये नसेची नळी पोकळ ठेवून मी लाल दोरा ओवतो. स्क्रूसाठी भोक पाडताना ड्रिलला लाल धागा गुंडाळून आला, की शिकणाऱ्याला कोणी काही सांगावं लागत नाही. पण पीएलए, म्हणजे छपाईचं प्लास्टिक, ड्रिलच्या गरमीने वितळून बिटला चिकटायचं. मी ओशाळलो, सर मात्र खूश. म्हणाले, "हाड वितळून दाखवत नाही, पण 47 अंशांवर मिनिटभर राहिलं तरी त्याला इजा होते. ड्रिल सावकाश, वर पाणी सोडत." त्या दिवशी सलाइनची बाटली टेबलावर आली ती आलीच.

तरी हाडात ड्रिल करताना हाताला जे जाणवतं ते प्लास्टिकमध्ये येत नाही, हे शिकणाऱ्यांना आधीच सांगून टाका. वरचा कडक थर भेदून आतल्या मऊ भागात ड्रिल सुटतं तो झटका मला अजून जमलेला नाही.

आणि भो, मे महिन्यात मॉडेल बंद गाडीत ठेवू नका. पीएलए 60 अंशांच्या आसपास मऊ पडतं. उन्हात उभ्या गाडीच्या काचेखाली माझा एक जबडा धुळ्याला पोचेपर्यंत चक्क हसायला लागला होता. आता जबडे आइसबॉक्समधून जातात, ताकाच्या बाटल्यांशेजारी.