किनाऱ्यावरचं छोटं गाव बघायचं तर भरतीची वेळ आधी बघा

समुद्रकाठच्या लहान गावात फिरायला निघताना घड्याळाआधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा. उथळ बंदरात बोटी बहुधा भरतीच्या पाण्यावरच आत येतात. मग धक्क्यावर एकदम जाग येते: टोपल्या उतरतात, बर्फ फोडला जातो, लिलाव सुरू होतो. ओहोटीला तीच जागा सुस्तावलेली दिसते. पण जाळी दुरुस्त करणारे हात जवळून बघायचे तर तीच वेळ उत्तम. फोटो काढण्याआधी मात्र विचारा, ती त्यांची कामाची जागा आहे.

बहुतेक किनाऱ्यांवर भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे कालची वेळ आज चालत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. तेव्हा पाणी खूप वर चढतं, म्हणून गाडी वाळूवर लावू नका.

मासळी घ्यायची असेल तर कल्ला उचलून बघा. तो लालभडक हवा, डोळे फुगीर आणि स्वच्छ हवेत. बोटाने दाबलेला खळगा लगेच भरून आला पाहिजे. नुसत्या वासावर जाऊ नका, बर्फात वास दबतो.