पेरोव्स्काइटच्या थरातले दोष मोजताना या चुका टाळा

उन्हाळ्यात ओलित करणाऱ्याला काळ्या मातीच्या भेगा ठाऊक असतात. पहिलं पाणी सोडलं की ते पुढं सरकतच नाही, भेगाच पिऊन टाकतात. आमच्या तालुक्याच्या कॉलेजात एम.एस्सी.च्या पोरांना पेरोव्स्काइट (सौर पॅनलसाठी वापरता येणारा स्फटिकी पदार्थ) शिकवताना मी इथूनच सुरुवात करतो. पोरं बहुतेक कास्तकारांचीच.

प्रकाश पडला की थरात इलेक्ट्रॉन मोकळा होतो आणि मागं होल, म्हणजे त्या इलेक्ट्रॉनची उणीव, उरतो. दोघं आपापल्या टोकाला पोचले तर वीज मिळते. वाटेत स्फटिकातले दोष असतात, आणि पोरांची पहिली चूक म्हणजे ते नुसते मोजत बसणं. मिथाइलअमोनियम लेड आयोडाइड या नेहमीच्या पेरोव्स्काइटमध्ये आयोडीनची जागा रिकामी असणं नेहमीचंच. पण तो खड्डा उथळ असतो. खोलीच्या तापमानाची ऊर्जा साधारण ०.०२६ इलेक्ट्रॉनव्होल्ट (ऊर्जेचं छोटं एकक), तेवढ्यानंही कण पुन्हा वर येतो. घात करतात ते खोल दोष, १.६ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या ऊर्जादरीच्या (इलेक्ट्रॉन मोकळा व्हायला ओलांडावी लागते ती दरी) मध्याजवळचे. तिथं इलेक्ट्रॉन अडकतो, होल येऊन त्याला गाठतो, दोघंही संपतात आणि ऊर्जा उष्णता होऊन जाते. इथं भेगेची उपमा तोकडी पडते. भेग एकदा भरली की भरली. हा सापळा मात्र रिकामा होऊन पुढच्याची वाट पाहतो.

दुसरी चूक जास्त महागात पडते. एका पोरानं लेसर पूर्ण जोरात लावला, थर स्वतःच्या प्रकाशानं लखलखला, आणि त्यानं वहीत लिहिलं, ‘दोष नगण्य’. दोष होते तिथंच होते. सापळ्यात अडकणं कणांच्या संख्येच्या पटीत वाढतं, तर इलेक्ट्रॉन-होलनं थेट भेटून प्रकाश देणं संख्येच्या वर्गाच्या पटीत. म्हणून झगझगीत उजेडात सापळे झाकले जातात. उपाय सोपा आहे. सलग चालणारा लेसर घ्या आणि त्याचा जोर निम्मा करा. थराची चमक चौथाईवर आली तर सापळ्यांचं राज्य आहे, निम्म्यावर आली तर थेट भेटीचं. मधलं उत्तर आलं तर दोन्ही चालू आहेत. (थरात आधीपासून एकाच प्रकारचे जादा कण असतील तर हा हिशेब चुकतो.) पॅनलला ऊन मिळतं तेवढ्या उजेडाचं मापही वहीत हवंच.

चमक कमी दिसली की लगेच दोषांवर खापर फोडू नका. खाली टायटॅनियम डायऑक्साइडचा थर असेल तर इलेक्ट्रॉन तिकडं निघून जातात, म्हणजे चमक घटणं चांगलंही असू शकतं. आधी कोऱ्या काचेवरचा थर मोजा, मग तुलना करा.

दोष एका जागी बसलेले असतात हाही गैरसमज. आयोडाइडच्या रिकाम्या जागा विद्युतक्षेत्रात सरकतात, त्यामुळं व्होल्टेज वर नेताना आणि खाली आणताना विजेच्या प्रवाहाचे दोन वेगळे आलेख येतात. दोन्ही नोंदवा. सोयीचा तेवढाच वहीत उतरवणारे मी पाहिलेत. आयोडाइड-ब्रोमाइड मिश्रणात तर उजेडानंच दोन्ही वेगळे होऊ लागतात आणि अंधारात ठेवल्यावर बरेचसे पुन्हा मिसळतात. म्हणून नमुना किती वेळ उजेडात होता, तेही लिहा.

आणि मृग लागल्यावर थर उघड्यावर टाकून जेवायला जाऊ नका. दमट हवेनं तो पिवळट पडला तर ते शिशाचं आयोडाइड आहे, नवा शोध नव्हे. हातमोज्याशिवाय शिवूही नका, शिसं विषारी आहे. थर कोरड्या बंद डब्यात ठेवा आणि जमेल तर त्याच दिवशी मोजा.