चर्चच्या जुन्या गानपोथीचं पान हाती आलं? या चुका टाळा

युरोपातल्या जुन्या गानपोथीचं सुटं पान लिलावात मिळालं की माणसं आधी फ्रेमवाल्याकडे धावतात, आणि तिथेच घोळ सुरू होतो. हा कागद नव्हे, वासराचं नाहीतर शेळी-मेंढीचं कातडं आहे. ओलावा पिऊन ते फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. म्हणून तर मूळ पोथ्यांना लाकडी फळ्या आणि धातूच्या कड्या असत. पानाला लाटा आल्या तरी इस्त्री फिरवू नका. आचेनं आकसलेलं कातडं पूर्ववत होत नाही. फ्रेमची काचही पानाला टेकू देऊ नका, दमट हवेत रंग काचेला धरतात.

सोन्याच्या वर्खाखाली बहुतेक वेळा खडूसारखा उंच लेप असतो. पान वाकलं की लेप तडकतो, सोनं सुटतं. पांढरे हातमोजे फोटोत छान दिसतात. प्रत्यक्षात बोटांना काही कळत नाही आणि सुटलेला पोपडा धाग्यात अडकतो. हात धुऊन पुरते कोरडे करा आणि कडेला धरा.

एका बाजूची शाई उडाली म्हणून पान नकली ठरत नाही. केसांकडची बाजू पिवळसर, बारीक छिद्रांची. मांसाकडची पांढरी, गुळगुळीत. मायफळ-हिराकसाची शाई या गुळगुळीत बाजूवर नीट धरत नाही.

सगळ्यात महागात पडते ती काळाची चूक. चार तांबड्या रेघा, चौकोनी सूर, म्हणजे मध्ययुग? स्पेनमध्ये अशा अवाढव्य पोथ्या सतराव्या शतकातही हातानं लिहीत होते. अख्खा गायकवृंद एकाच पोथीतून गायचा, म्हणून तो आकार. 1836 च्या सुमारास तिथल्या मठांची मालमत्ता जप्त झाली, पोथ्या बाहेर पडल्या आणि पुढे पानापानानं विकल्या गेल्या.

वाचताना रेघा चारच असतील तर पाचवी शोधू नका. सुरुवातीची खूण पट्टी सांगत नाही, अर्धस्वर कुठे येतो एवढंच सांगते. सा कुठे धरायचा ते गाणाऱ्यांच्या गळ्यावर.

आणि भलंमोठं नक्षीदार रोमन ‘ए’ (A) दिसलं तर पहिलं पान म्हणून नाचण्याआधी पुढचे लॅटिन शब्द वाचा. ‘आद ते लेवावी’ असेल तर ते मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या पोथीचं, ‘आस्पिचिएन्स’ असेल तर रोजच्या प्रहरांच्या प्रार्थनांच्या पोथीचं. दोन्ही पोथ्या ‘ए’नंच सुरू होतात.