बाथोरीवरच्या मेटल गाण्यांचा अर्थ लावताय? मग या चुका टाळा

मेटल, म्हणजे कडक, किंचाळणारं रॉक संगीत, ऐकणाऱ्या प्रत्येकाला एकदा तरी एलिझाबेथ बाथोरीचा नाद लागतोच. ही चारशे वर्षांपूर्वीची हंगेरीतली काउंटेस, म्हणजे बडी सरदारीण, जिच्यावर मुलींना छळून मारल्याचा आरोप होता. वेनम या बँडचं गाणं ऐकलं, मग क्रेडल ऑफ फिल्थ या दुसऱ्या बँडचा अख्खा अल्बम, मग रात्री दोन वाजता तिच्याबद्दल वाचत बसायचं आणि सकाळी मित्रांना सांगायचं, "अरे ती ६५० मुलींच्या रक्तात आंघोळ करायची, खरी गोष्ट आहे!" मीपण हेच केलंय, उगाच शहाणपणा कशाला दाखवू. नंतर एकाने शांतपणे विचारलं की हे लिहिलंय कुठे, आणि माझी बोलती बंद.

तर पहिली आणि सगळ्यात मोठी चूक हीच, की गाणं म्हणजे इतिहास समजायचं. आपल्याकडे बखर आणि अस्सल पत्र यातला फरक शाळेतल्या पोरालाही माहीत असतो, बखरीत रंगवून सांगतात, पत्रात त्या दिवशीचं असतं. इथेही तेच लावा. बाथोरीला डिसेंबर १६१० च्या शेवटी चाखतित्से इथल्या तिच्या गढीत पकडलं, पकडणारा पॅलाटिन तुर्झो, म्हणजे हंगेरीत राजाच्या खालोखालचा माणूस. जानेवारी १६११ मध्ये तिच्या नोकरांवर खटला चालला. त्या वेळच्या साक्षींमध्ये मारहाण आहे, चटके आहेत, उपाशी ठेवणं आहे, थंडीत अंगावर गार पाणी ओतणं आहे. रक्ताची आंघोळ नाहीये. ती छापून आली थेट १७२९ मध्ये, तुरोत्सी नावाच्या जेझुइट पाद्र्याच्या पुस्तकात, म्हणजे बाई मरून ११५ वर्षं झाल्यावर! मूळ साक्षी छापल्या गेल्या १८१७ मध्ये, तोपर्यंत आंघोळीची गोष्ट युरोपभर फिरून आली होती.

आणि ते ६५०? एका नोकराणीच्या साक्षीतला आकडा आहे तो. तिने सांगितलं की अमुक कारभाऱ्याने बाईंच्या खासगी वहीत हा आकडा पाहिलाय. ती वही कधी सापडलीच नाही. ज्यांना शिक्षा झाली त्या नोकरांपैकी दोघांनी सांगितलेला आकडा ३६-३७ च्या आसपासचा आहे. तोही भयानकच आहे, पण टी-शर्टवर छापायला ६५० बरा दिसतो ना.

आता याच्या उलट चूक, आणि ही हुशार लोक जास्त करतात: "गाण्यात सगळंच खोटं आहे" म्हणून मोकळं व्हायचं. वेनमचं १९८२ चं गाणं घ्या. त्यात काउंटेस मुलींना खानदानी आयुष्याचं आमिष दाखवून बोलावते, खाऊपिऊ घालते आणि मध्यरात्री रक्ताची आंघोळ. आंघोळ १७२९ ची, ठीक. पण ते आमिष? ते खरंच जुन्या साक्षींना धरून आहे, कारण छोट्या सरदारांच्या मुली मोठ्या घरचे रीतिरिवाज शिकायला तिच्याकडे पाठवल्या जायच्या आणि त्यातल्याही काही परत आल्या नाहीत असा आरोप होता. खाऊपिऊ घालणं मात्र साक्षींच्या बरोबर उलट. म्हणजे एकाच कडव्यात एक ओळ १६११ ची, दुसरी १७२९ ची आणि तिसरी बँडच्या डोक्यातली. अख्खं गाणं खरं की खोटं असं विचारूच नका, एकेक ओळ हातात घ्या आणि ही कुठल्या थरातून आली ते बघा. मला तर खरी मजा यातच वाटते.

थर म्हटलं की सिनेमा आलाच. क्रेडल ऑफ फिल्थच्या १९९८ च्या 'क्रुएल्टी अँड द बीस्ट'मध्ये मधेमधे एका बाईचा आवाज येतो, काउंटेस बोलतेय असा. ती नटी इंग्रिड पिट, जिने १९७१ च्या 'काउंटेस ड्रॅक्युला' सिनेमात बाथोरीवर बेतलेली भूमिका केली होती, त्यात रक्त लावलं की म्हातारी तरुण होते. म्हणजे अल्बमवाल्यांनी सिनेमातल्या नटीलाच आवाज द्यायला आणलं, लपवलंय कुठे? तरी लोक त्या अल्बमच्या गोष्टीत तारखा शोधत बसतात. अरे ते हॉरर सिनेमाला केलेलं सलाम आहे, तसंच ऐका.

गाण्यातला 'मी' म्हणजे गायक, हीपण जुनी खोड. घोस्टचं २०१० चं 'एलिझाबेथ' ऐका, त्यात तिच्या क्रौर्यामुळे ती आमच्यातलीच एक झाली असं म्हटलंय. हे कोण म्हणतंय? सैतानाच्या पाद्र्याचं सोंग घेतलेलं पात्र, आणि तो बँड अख्खा त्या सोंगावरच उभा आहे. नाटकातल्या खलनायकाचे संवाद नाटककाराच्या माथी मारत नाही आपण, मग इथेच का? स्लेयर या बँडचं याहून वाईट झालं. त्यांचं १९८६ चं 'एंजल ऑफ डेथ' ऑशविट्झच्या नाझी छळछावणीतल्या डॉक्टर मेंगेलेवर आहे, आणि त्यावरून कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने अल्बम वितरित करायलाच नकार दिला, शेवटी गेफेन या दुसऱ्या कंपनीने केला. गाणं लिहिणाऱ्या हॅनेमनचं म्हणणं असं की तो माणूस वाईट होता हे उघडच आहे, वेगळं काय सांगायचं. मला त्याचं पूर्ण पटत नाही, कारण असल्या विषयात निवेदक गप्प राहिला की कोणीतरी भलताच अर्थ काढतोच. पण गप्प राहणं म्हणजे कौतुक, असंही नाही.

शब्द नीट न ऐकता अर्थ लावणं, यात तर मी सोन्याचं पदक घेतलंय. एका गाण्यात गायक किंचाळून 'काउंटेस' म्हणतो ते मला 'कन्फेस' ऐकू आलं आणि मी त्यावर दोन पानं लिहिली, कबुलीजबाब, अपराधीपणा, कोर्टाचं रूपक, काय काय. गंमत म्हणजे बाथोरीला कोर्टात कधी उभंच केलं नाही! तीन नोकरांना मृत्युदंड झाला, चौथीला कैद, आणि बाईंना थेट गढीत कोंडलं. तेव्हा सीडीच्या किंवा रेकॉर्डच्या आतल्या कागदावर शब्द छापलेले असतील तर ते बघा. नेटवरचे शब्द बऱ्याचदा कोणीतरी ऐकून टाइप केलेले असतात आणि ऑटोमॅटिक सबटायटल किंचाळीपुढे हात टेकतं.

नावाचा घोळ वेगळाच. बाथोरी नावाचा स्वीडिश बँडही होता, १९८३ मध्ये सुरू झालेला, क्वॉर्थन नावाच्या गायकाचा. नाव बाथोरी म्हणून प्रत्येक गाण्यात काउंटेस शोधू नका. १९८७ च्या 'वुमन ऑफ डार्क डिझायर्स'मध्ये ती आहे, पण पुढच्या वर्षीपासून गडी व्हायकिंग आणि त्यांच्या ओडिन देवाकडे वळला. (हंगेरियनमध्ये उच्चार 'बातोरी'च्या जवळ जातो म्हणे, पण मेटलवाल्यांत 'बाथोरी' रुळलंय, मीपण तेच ठेवलंय.)

मराठीत भाषांतर करत असाल तर काउंटेसची 'राणी' करू नका. मामा पोलंडचा राजा होता खरा, पण ही सरदारघराण्यातली, मोठी जहागीर असलेली बाई. आणि व्हॅम्पायर दिसला की 'हडळ' लिहायचा मोह आवरा, हडळ म्हटलं की वाचकाला पिंपळ आणि उलटे पाय दिसतात, कार्पेथियन डोंगर नाही.

आता "ती बिचारी निर्दोष, राजाने कर्ज बुडवायला अडकवली" हा सिद्धांत. कमेंटमध्ये हे लिहिलं की लाइक भरपूर मिळतात. राजा मॅथियास तिच्या घराण्याचं देणं लागत होता हे खरंय, नोकरांचे जबाब छळ करून घेतले हेही खरंय. पण तिच्याविरुद्ध ३०० च्या आसपास लोक बोलले, त्यातले बरेच ऐकीव असले तरी सगळ्यांना खोडून काढणं सोपं नाही. शिवाय खुद्द तिच्यावर खटलाच न चालल्यामुळे जमीनजुमला जप्त न होता पोरांकडेच राहिला. राजाला सगळं गिळायचं होतं म्हणावं तर मग हे कसं? तेव्हा एखाद्या गाण्यात ती बळी म्हणून आली तर तोही एक थर समजा, अंतिम निकाल नको.

शेवटचं दृश्य बहुतेक ठिकाणी सारखंच असतं, भिंतीत चिणलेली बाई, अंधार, एक फट. पण १६१४ च्या उन्हाळ्यात भेटून गेलेल्या पाद्र्यांच्या नोंदीप्रमाणे ती गढीत हिंडूफिरू शकत होती, म्हणजे नजरकैदच म्हणा. त्याच वर्षी २० ऑगस्टच्या संध्याकाळी तिने पहारेकऱ्याला सांगितलं की हात गार पडलेत. तो म्हणाला काही नाही बाईसाहेब, पडा जरा. सकाळी ती गेलेली होती. मी ऐकलेल्या गाण्यांत हे कुणीच घेतलेलं नाही.