पीडीवरचं बाळ आणि रात्रपाळीचा हिशेब

नागपूरच्या मे महिन्यात एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, रुजू होणार असाल तर तयारीनं या. आईचं दूध पुरेसं न मिळालेली, उन्हानं सुकलेली बाळं येतात. सोडियम चढलेलं, लघवी बंद. पाणी सावकाश भरून काढलं की बरीचशी सुधारतात. काहींना डायलिसिस लागतं, तेही बहुधा पोटातूनच, म्हणजे पीडी (पेरिटोनियल डायलिसिस): नळीनं पोटात द्रव सोडायचा, थोडा वेळ ठेवायचा, मग बाहेर काढायचा. ही झाली एक सायकल. अडीच किलोच्या बाळात रक्तच जेमतेम २०० मिली, ते मशीनच्या नळ्यांत किती फिरवणार? खास नवजातांसाठीचं कार्पेडिएम मशीन इटलीत २०१३ मध्ये वापरात आलं; आपल्याकडे मात्र ब्युरेट (द्रव मोजायची खुणांची नळी), थ्री-वे (तीन तोंडांची तोटी) आणि सिस्टरचे डोळे.

मी चुकले ते हिशेबात. बाळ २.४ किलोचं. किलोमागे १० मिली, म्हणजे दर सायकलला २४ मिली आत. बाहेर येत होते २०. पहिल्या सायकलला थोडं आत राहतंच, म्हणून मी निर्धास्त. पुढेही प्रत्येक वेळी '२४–२०' लिहीत गेले आणि चार मिलीला काय घाबरायचं, असं वाटत राहिलं. तासाला एक सायकल, आठ तास. पोटात ३२ मिली साचले. साठ किलोच्या माणसाच्या पोटात ८०० मिली अडकावेत, तसं! पहाटे पोट टणक, सॅच्युरेशन (रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण) घसरलेलं. नळी बाळाच्या मांडीखाली दुमडली होती. ती सरळ केली आणि पाणी धो धो आलं. माझे हात त्यानंतर तासभर थरथरत होते.

म्हणून प्रत्येक सायकलचा फरक लिहून थांबू नका. शेजारच्या रकान्यात आतापर्यंतची एकूण शिल्लक लिहा: +४, +८, +१२. सलग दोनदा कमी आलं तर आधी नळी बघा, बाळाची कूस बदला, तरीही येत नसेल तर डॉक्टरांना उठवा. ते चिडले तर चिडू द्या. ड्रेसिंग ओलं झालं तर गॉज वजन करा. एक ग्रॅम म्हणजे एक मिली.

शिफ्ट संपताना सगळा चार्ट एका दमात भरायला शिकवणाऱ्या सीनियरपासून लांब राहा, ती कितीही प्रेमळ असली तरी. डायलिसिसच्या द्रवाची पिशवी गरम पाण्यात बुडवू नका, पोर्ट (नळी जोडायचं तोंड) ओला होतो; वॉर्मरखाली कोरडीच तापवा. बाहेर येणारं पाणी गढूळ दिसलं तर सकाळच्या राउंडची वाट बघायची नाही. द्रवातली साखर अंगात शिरते, म्हणून शुगर तपासत राहा.

भीती वाटेल. वाटू द्या, पहिल्या दोन रात्री सगळ्यांनाच वाटते. आकडे लिहायला लागलात की हात स्थिर होतो.

त्या बाळाची आजी गडचिरोलीकडची. दर दोन तासांनी दारातून विचारायची, "मॅडम, लेकराले लघवी झाली का?" तिसऱ्या रात्री डायपर काट्यावर ठेवला, कोरड्यापेक्षा ९ ग्रॅम जास्त भरला. मी दुसऱ्यांदा वजन केलं आणि मगच दाराकडे गेले.